शोक, विषाद आणि ख्रिस्ती आशा

गीतेच्या पहिल्या अध्यायाला 'अर्जुनविषादयोग' असे नाव आहे. एवढ्या मोठ्या तत्त्वग्रंथाचा आरंभ एका खचलेल्या माणसापासून व्हावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. मन खचल्यावाचून आधाराचा प्रश्न खरा होत नाही, असेच तीवरून वाटते. ख्रिस्ती धर्माने या प्रश्नाला कसे तोंड दिले, ते आपण येथे पाहणार आहोत. त्यासाठी ख्रिस्ती असण्याची अट नाही. शोक कोणत्याच घराला चुकलेला नाही.

प्रथम शब्दाचा उलगडा केला पाहिजे. आपल्याकडे आशेकडे थोड्या संशयानेच पाहतात. आपण 'आशापाश' म्हणतो, 'वेडी आशा' म्हणतो. ख्रिस्ती ग्रंथात मात्र विश्वास, आशा आणि प्रीती अशी त्रयी आहे. पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात ती आढळते. ही आशा म्हणजे 'उद्या सगळे ठीक होईल' असा अंदाज नव्हे. जो देव क्रूसावरच्या मरणापर्यंत माणसाच्या दुःखात उतरला आणि ज्याने येशूला मरणातून उठवले, तो आपल्याला अंधारात टाकून गेलेला नाही, या भरवशाला ख्रिस्ती माणूस आशा म्हणतो. अंदाज चुकला की सोडून द्यावा लागतो. भरवशाची गरज मात्र दिवस वाईट असतानाच लागते.

मग असा भरवसा असलेल्या माणसाने रडावे की नाही? पुष्कळांची समजूत अशी की, श्रद्धावंताने डोळे पुसावेत आणि हसतमुख राहावे. बायबल तसे सांगत नाही. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत आणि त्यांतील बरीचशी विलापाची आहेत. बहुतेक विलाप शेवटी स्तुतीकडे वळतात. ८८ वे स्तोत्र मात्र वळत नाही. ते अंधारातच संपते. तरीही ते शतकानुशतके प्रार्थना म्हणून म्हटले गेले आहे, कारण त्यातली तक्रार देवापाशीच केलेली आहे. भांडणारा दारातून निघून गेलेला नाही. विठ्ठलाशी भांडणारे नामदेव-जनाबाई आपल्या ओळखीचे आहेत; त्यामुळे ही रीत आपल्याला परकी वाटू नये. लाजराच्या कबरीकडे जाताना स्वतः येशू रडला, असे योहानाच्या शुभवर्तमानात आहे. आणि थेस्सलनीका येथील मंडळीला लिहिताना पौलाने निराश माणसासारखा शोक करू नका असे म्हटले. शोकच करू नका असे म्हटले नाही.

दुसरी गोष्ट एलीया संदेष्ट्याच्या कथेत दिसते. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळाल्यानंतर राणी ईजबेलच्या धमकीने हा माणूस रानात पळाला आणि एका झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. देवाने त्याला उपदेश केला नाही, विश्वास कमी पडला म्हणून दोषही दिला नाही. त्याला झोप मिळाली. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे आले. तो जेवून पुन्हा झोपला. असे दोनदा झाल्यावर मग पुढचा प्रवास, आणि देवाशी बोलणे तर त्याच्याही पुढे. खचलेल्या माणसाला आधी अन्न आणि विश्रांती हवी, हे ज्ञान या कथेत आहे.

तिसरी गोष्ट अधिक कठीण आहे. कधी कधी आजार श्रद्धेलाच ग्रासतो. इंग्रज कवी विल्यम कूपर (१७३१–१८००) याची हकीकत या बाबतीत बोलकी आहे. सहा वर्षांचा होण्यापूर्वीच त्याची आई वारली. १७६३ मध्ये त्याचे मन इतके बिघडले की त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला. डॉक्टर कॉटन यांच्या उपचारगृहात तो सावरला आणि तेथेच त्याला श्रद्धेचा आधार सापडला. पण १७७३ मध्ये विषाद पुन्हा उसळला आणि देवाने आपल्याला कायमचे टाकले, या समजुतीने त्याला घेरले. ती समजूत पुढे कधीच पुरती गेली नाही. याच माणसाची साठाहून अधिक भक्तिगीते १७७९ च्या ऑल्नी येथील गीतसंग्रहात आहेत, आणि त्यांतील काही आजही गायिली जातात.

मग कूपरच्या बाबतीत आशा हरली काय? आम्हांला तसे वाटत नाही. एकेकाळी गुलामांच्या जहाजाचा कप्तान असलेला आणि पुढे धर्मोपदेशक झालेला जॉन न्यूटन याने त्याला वर्षाहून अधिक काळ आपल्या घरी ठेवून घेतले. मेरी अन्विन या बाईने वर्षानुवर्षे त्याची शुश्रूषा केली. कूपर बागकाम करी, सुतारकाम करी, त्याने ससे पाळले. त्याला स्वतःला आशा धरता येत नव्हती, तेव्हा ती इतरांनी त्याच्यासाठी धरून ठेवली. मंडळी या शब्दाचा खरा अर्थ येथे कळतो.

आपल्याकडचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. दुष्काळात १८७४ मध्ये आईवडील गेले, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले. हाती एक लहान मुलगी उरली. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यावरून पुण्यामुंबईत वादळ उठले, आणि त्या वादाचा निवाडा आपल्याला येथे करायचा नाही. दुष्काळात पोरक्या झालेल्या या बाईने १८९६–९७ च्या दुष्काळात शेकडो मुलींना आणि विधवांना केडगावच्या आश्रमात आणले, ही गोष्ट मात्र नोंदण्यासारखी आहे. १९२१ मध्ये कन्या मनोरमाही गेली. तरी बायबलच्या मराठी भाषांतराचे हाती घेतलेले काम त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. शोक हा रोग नव्हे. त्याला वेळ आणि माणसे लागतात. पण झोप, भूक आणि कामाची उमेद आठवडेच्या आठवडे हरपली, मरणाचे विचार येऊ लागले, तर ते नैराश्य आजाराचे असू शकते आणि त्याला वैद्याची गरज असते. भारत सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर आहे. औषध घेणे म्हणजे श्रद्धा सोडणे नव्हे. एलीयाने भाकर नाकारली नव्हती.

गुड फ्रायडे आणि ईस्टर यांच्या मध्ये एक शनिवार येतो. त्या दिवशी शिष्यांना फक्त कबरीवरची धोंड माहीत होती, रविवार ठाऊक नव्हता. शोकात बुडालेली माणसे पुष्कळदा त्याच शनिवारात असतात. त्यांच्या घरी जाताना आपण रविवारचे व्याख्यान घेऊन जाऊ नये. जेवणाचा डबा न्यावा, शेजारी बसावे, गेलेल्या माणसाचे नाव काढायला भिऊ नये, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जावे.