मूर्तिजापूरचा रफार

मागच्या आठवड्यात आमच्या अकोल्याच्या घरी एक लग्नपत्रिका आली. वर ‘श्री राजराजेश्वर प्रसन्न’, खाली नवरा-नवरीची नावं. अक्षरं इतकी लपेटदार, की आजी म्हणाली, “पाय बरं, किती झाक अक्षर हाये!” मला नवल वाटलं ते वेगळंच. पत्रिका तर कॉम्प्युटरवर केलेली. मग रेघ इथे जाड आणि तिथे केसासारखी बारीक कशी?

ती बोरूच्या लेखणीची खूण! बोरूचं टोक चपटं आणि तिरपं कापलेलं असतं. तुम्हीच करून बघा. दोन पेन्सिली रबरबँडने एकत्र बांधा, दोन्ही टोकं कागदावर टेकवा आणि मनगट न वळवता मोठ्ठा ‘ळ’ काढा. जुळ्या रेघा उमटतील. कुठे त्या लांब जातील, कुठे जवळ येतील आणि एका तिरक्या वळणावर एकीत एक मिसळून जातील. आता मधली जागा रंगवा. दाब जराही न वाढवता जाड-बारीक अक्षर तयार! फॉन्ट काढणारा चित्रकार हीच वळणं जपत असतो.

पूर्वी छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे. मुंबईच्या जावजी दादाजींनी १८६९ साली काढलेल्या निर्णयसागर छापखान्याचे खिळे तर देखणेपणासाठी नावाजलेले. पण खिळा पडला शिशाचा चौकोन. अक्षराची शेपटी त्याच्या बाहेर काढली, की ती मोडायची भीती.

कॉम्प्युटरवर ती भीती नाही, पण गंमत फार आहे. ‘मूर्तिजापूर’ हे गावाचं नाव टाइप करा. कॉम्प्युटरला कळतात फक्त ११ तुकडे: म, ऊकार, र, हलन्त, त, पहिली वेलांटी... असे ओळीने. जुळवाजुळव करतो फॉन्ट. आधी आलेला र रफार होऊन त च्या डोक्यावर चढतो. मागून आलेली वेलांटी टुणकन उडी मारून त च्या पुढे जाऊन बसते! तिची कमानही त च्या दांड्यापर्यंत नीट पोचायला हवी. ‘स्थि’ लिहायचं तर कमान आणखी लांब. म्हणून चांगल्या फॉन्टमध्ये लहानमोठ्या कितीतरी वेलांट्या काढून ठेवलेल्या असतात, आणि अक्षर बघून त्यातली नेमकी उचलली जाते. मला तर हे जादूसारखंच वाटतं.

हे काम करायला हात सुलेखनात मुरलेला लागतो. विंडोजमधला ‘मंगल’ हा साधासुधा दिसणारा फॉन्टसुद्धा र. कृ. जोशींनी घडवला. ते कवी आणि नामवंत सुलेखनकार होते.

लपेटदार अक्षर मोठ्या आकारातच शोभतं. बारीक छापलं, की केसासारख्या रेघा पुसट होतात. एका पत्रिकेत फोन नंबरही असाच झोकात छापला होता. बाबांनी ९ ला १ समजून फोन लावला, तो लागला भलत्याच घरी!

या पत्रिकेत मात्र नावं तेवढी लपेटदार होती. वेळ आणि पत्ता साध्या, ठसठशीत अक्षरांत. मुहूर्त आजीने चष्म्याशिवाय वाचला.