शिक्षकाच्या हातचीं नवीं साधनें

आमच्या वाचककुटुंबांत असें घर विरळाच, कीं ज्यांतील एखादी सून, लेक, दीर किंवा भाचा शिक्षकी पेशांत नाहीं. अशा घरांतून हल्लीं एक तक्रार वारंवार ऐकूं येते. वर्गांत पडदा आला, हातांत मोबाइल आला, शिकविण्याचीं साधनें तर इतकीं झालीं, कीं त्यांतून निवड कशी करावी हेंच उमगत नाहीं. कित्येक शिक्षक या गर्दीस कंटाळून केवळ खडूफळ्याकडे परततात; कित्येक पडदा लावून देऊन स्वतः बाजूस उभे राहतात. आमच्या मतें दोन्ही मार्ग सारखेच चुकीचे आहेत. साधनाची पारख करण्यास एक प्रश्न पुरेसा आहे : फळ्यावर जें दाखवितां येत नाहीं, तें या साधनानें कळतें काय? कळत असेल तर तें अवश्य घ्यावें. नसेल तर खडूच बरा.

विजेचेंच उदाहरण घेऊं. एक विद्युत्‌घट आणि एकापुढें एक जोडलेले दोन सारखे दिवे अशी आकृति काढून मुलांस विचारावें, 'यांतला कोणता दिवा अधिक उजळ पेटेल?' पुष्कळ मुलें 'पहिला' म्हणतात. पहिल्यानें कांहीं वीज खाल्ली, दुसऱ्याच्या वांट्यास उरलीसुरली आली, अशी त्यांची समजूत असते. ती व्याख्यानानें जात नाहीं; कारण तारेंतील प्रवाह डोळ्यांस दिसत नाहीं.

सन २००१ च्या पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी कार्ल वायमन यांनीं सन २००२ मध्यें अमेरिकेंतील कोलोराडो विद्यापीठांत 'फेट' हा उपक्रम सुरू केला. त्यांतील विजेच्या खेळांत तारा, घट व दिवे पडद्यावर ओढून जोडतां येतात आणि तारेंतून सरकणारे इलेक्ट्रॉनही दिसतात. दोन्ही दिवे सारखेच पेटतात. दिव्याच्या अलीकडे व पलीकडे प्रवाह मोजला तरी आंकडा तोच येतो. घटाचीं दोन टोकें नुसत्या तारेनें जोडलीं कीं पडद्यावर ज्वाळा उठते. हा धडा घरच्या बटणाशीं खेळून शिकण्यापेक्षां येथें शिकलेला बरा! हे खेळ विनामूल्य असून कित्येकांचीं मराठी रूपेंही मिळतात. एकदां उतरवून घेतले म्हणजे ते इंटरनेटवांचूनही चालतात.

मात्र क्रम चुकूं नये. आधीं मुलांकडून अंदाज वहींत लिहवून घ्यावा, मग पडदा उघडावा, आणि शेवटीं खरा घट व विजेरीचे खरे दिवे त्यांच्या हातीं द्यावेत. अंदाजावांचून पाहिलेलें चित्र ही केवळ करमणूक होते.

भूमितींतही हाच न्याय लागू पडतो. ऑस्ट्रियांतील साल्झबर्ग विद्यापीठांत मार्कुस होहेनवार्टर यांनीं सन २००१ मध्यें 'जिओजेब्रा'चा आरंभ केला. फळ्यावर शिक्षक एक त्रिकोण काढतो; येथें एक शिरोबिंदु धरून ओढला कीं क्षणांत शेंकडों त्रिकोण होतात. कोन पालटत जातात, बेरीज मात्र १८० अंशच राहते. त्याच क्षणीं शिक्षकानें विचारावें, 'असें कां?' मोजणें म्हणजे सिद्धता नव्हे, आणि सिद्धतेस फळाच लागतो.

कांहीं गोष्टी मात्र बोटांनींच कळतात. आगपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबच्या तुकड्यांनीं जोडून चौकोन करावा. दाबतांच तो कलतो. त्रिकोण दाबला तरी ढळत नाहीं. पुलांत आणि छपरांच्या कैच्यांत त्रिकोण कां असतात, हें मुलांस तेथेंच समजतें. टाकाऊ वस्तूंपासून अशीं खेळणीं करण्याच्या चित्रफिती आणि मराठी-हिंदी पुस्तकें अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. पुण्याच्या 'आयुका'तील मुलांच्या विज्ञानकेंद्रांत त्यांनीं अनेक वर्षें काम केलें. सन २०१८ मध्यें त्यांस पद्मश्री मिळाली.

भाषा आणि इतिहासाच्या शिक्षकांस मराठी विश्वकोशाचा आधार आहे. सन १९७६ मध्यें त्याचा पहिला खंड निघाला. आतां वीसही खंड इंटरनेटवर फुकट वाचतां येतात. ज्या शाळेंत ग्रंथालय नाहीं तिला ही केवढी ठेव! बालभारतीच्या पुस्तकांवरील क्यूआर कोडाकडे मात्र पुष्कळांचें लक्ष जात नाहीं. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडी येथें जिल्हा परिषदेच्या शाळेंत असतांना रणजितसिंह डिसले यांनीं असे कोड पुस्तकाच्या पानांस जोडून कविता व पाठ मुलींस ऐकविले. सन २०२० चें 'ग्लोबल टीचर प्राइझ' त्यांस मिळालें आणि १० लाख डॉलरांच्या त्या रकमेचा अर्धा भाग त्यांनीं अंतिम फेरींतील इतर ९ शिक्षकांस वांटून दिला.

येथें एक इशारा देणें अवश्य वाटतें. सन २०२० मध्यें करोनाच्या साथीनें शाळा बंद पडल्या, तेव्हां ज्यांच्या घरीं मोबाइल नव्हता त्या मुलांचें शिक्षणच थांबलें. घरांत एकच मोबाइल आणि भावंडें तीन असलीं, म्हणजे मुलीची पाळी बहुधा शेवटीं येते. म्हणून पडद्यावांचून होणार नाहीं असा गृहपाठ शिक्षकानें कधींही देऊं नये. साधन वर्गांत, सर्वांच्या समोर वापरावें. घरीं न्यावयाचा तो प्रश्न.

त्या प्रश्नास उत्तर देण्याचें काम मात्र आपल्या घरांचें आहे. आजोबांनीं मोबाइल काढून घेण्याऐवजीं नातीस विचारावें, 'आज काय पाहिलेंस? पाहण्यापूर्वीं तुला काय वाटलें होतें?' आणि शिक्षकबंधुभगिनींस आमची विनंती इतकीच, कीं एका महिन्यांत एकच पाठ आणि एकच साधन घ्यावें, आणि तें आधीं स्वतः दोनदां चालवून पाहावें. वर्षाअखेर असे दहा पाठ पदरीं पडले, तरी पुढील वर्षींच्या मुलांसाठीं ती मोठी शिदोरी होईल.