पाडव्याच्या रात्रीचे पेटते गोळे

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. रात्री पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून पेटते गोळे लांब शेपट्या ओढत सावकाश सरकत गेले. अंगणातली माणसं पाहतच राहिली. उल्काच, असं अनेकांना वाटलं.

त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरी गावात धातूचं भलंमोठं कडं आकाशातून पडलं. व्यास जवळजवळ तीन मीटर! ते चिनी रॉकेटच्या अवशेषाचं असल्याचं अभ्यासकांनी सांगितलं.

खूण त्या ‘सावकाश’मध्येच होती. कक्षेतून घसरणारा अवशेष सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने येतो, तुकडे होत मिनिटभरही दिसतो. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात घुसते. समोरची हवा दबून प्रचंड तापते, दगड वितळू लागतो आणि बहुधा काही सेकंदांत सगळं विझतं. शुक्राहूनही तेजस्वी दिसली, तरच तिला अग्निगोल म्हणतात.

असं काही दिसलं, तर काही मिनिटं कान देऊन थांबावं. मोठ्या उल्केचा गडगडाट प्रकाशामागून बराच उशिरा पोहोचतो. वेळ, दिशा, गोळा कुठल्या झाडामागे दिसेनासा झाला, हे लगेच लिहून ठेवावं. गावोगावच्या अशा नोंदी जुळवल्या, की तिचा मार्ग उलगडतो आणि जमिनीवर पडलेला दगड कुठे शोधायचा, ते कळतं.