अर्ध्या वेगाने फिरणारा दांडा

ठाण्याहून बाळकुम ओलांडून, कशेळीच्या खाडीपुलावरून भिवंडीकडे निघालेल्या मनुष्यास काल्हेर प्रथम दिसते ते गोदामांच्या रूपाने. आणि मेट्रो पाचच्या खांबांलगत खोळंबलेल्या मालमोटारींतून वाट काढीत असता, वेगवान इंजिनाच्या शोधार्थ याहून प्रतिकूल स्थळ कोणते असेल, असा प्रश्न त्याला पडल्यावाचून राहत नाही. संपादकांच्या सूचनेवरून मी तेथील एका गॅरेजात गेलो तो एका जुन्या, कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० मध्ये कॅमशाफ्ट बदलण्याची तजवीज चालली होती ती पाहण्यासाठी.

या गाडीची कुळकथा सर्वांस ठाऊक आहे. पहिल्या गाडीची किल्ली १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते ग्राहकास मिळाली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबले. मला मोह पडला तो तिच्या ७९६ घनसेंटिमीटरच्या इंजिनाच्या माथ्यावर आडव्या बसलेल्या त्या एका लोखंडी दांड्याचा, म्हणजेच कॅमशाफ्टचा. खालचा क्रँकशाफ्ट दोन फेरे घेतो तेव्हा हा एक घेतो, आणि त्यावरचे उंचवटे रॉकरांच्या मार्फत तीन सिलिंडरांच्या सहा झडपांची उघडझाप ठरवितात.

गॅरेजचे मिस्त्री हे भिवंडीतील यंत्रमागांवर जॉबर म्हणून राबलेल्या कारागिराचे चिरंजीव. साध्या यंत्रमागातही वरचा दांडा दोन फेरे करील तेव्हा खालचा एक करतो, आणि त्या खालच्या दांड्यावरील टॅपेट ताण्याच्या चौकटी वरखाली करून धोट्यास योग्य क्षणी टोला देतात. तो क्षण चुकला की धोटा अडकतो आणि धागे तुटतात. वर्तुळाकार गतीतून नेमका क्षण कोरून काढण्याची ही विद्या ज्याने बालपणीच वडिलांच्या हाताखाली पाहिली, त्यास मोटारीचा कॅम परका वाटला नाही, यात नवल ते काय!

सामान्य समज असा की शर्यतीच्या धाटणीचा नवा कॅम इंजिनात शक्ती घालतो. वस्तुस्थिती अधिक सूक्ष्म आहे. घरगुती वापराच्या छोट्या इंजिनात झडप क्रँकच्या सुमारे २४० अंशांपर्यंत उघडी राहते. शर्यतीच्या ओढीचा कॅम ती मुदत २७० वा २८० अंशांवर नेतो. इंजिन जोरात फिरत असता आत धावणाऱ्या मिश्रणास स्वतःचा वेग असतो, म्हणून पिस्टन वर परतू लागल्यावरही ते काही काळ आत शिरत राहते आणि झडप उशिरा मिटण्याचा लाभ होतो. परंतु तीच झडप मंद गतीत तितक्याच उशिरा मिटली तर पिस्टन आलेले मिश्रण पुन्हा कार्ब्युरेटरकडे लोटतो. मिस्त्रींनी हा सिद्धांत एका वाक्यात उरकला. “खालची ओढ काढायची नि वर लावायची, साहेब, फुकटचं काही येत नाही यात.”

असे दांडे घडविण्यात महाराष्ट्राचा अधिकार मोठा आहे. सोलापूर हेही मागांचेच शहर; तेथे १९९२ साली स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी देशोदेशींच्या मोटारींसाठी कॅमशाफ्ट ओतते. चिल्ड कास्ट आयर्न या प्रकारात साच्यामध्ये उंचवट्यांच्या जागी धातूचे तुकडे बसवितात. त्यांच्या स्पर्शाने लोखंड तेथे झटकन निवते व पृष्ठभाग अतिशय कठीण होतो, गाभा मात्र मऊ राहतो. काल्हेरच्या खटाटोपातील पहिली अडचण नेमकी येथेच उद्भवते. जुन्या गाडीस नवा खास कॅम सहसा मिळत नाही, म्हणून मूळचाच दांडा ग्राइंडिंगवर तासून त्याचे मूळ वर्तुळ लहान करतात, जेणेकरून उंचवटा तुलनेने उंच ठरतो. आणि तासणाऱ्याचा हात प्रमाणाबाहेर गेला, तर ती कठीण साल संपून मऊ लोखंड उघडे पडते आणि काही महिन्यांत कॅम झिजून जातो.

पुढे अडचणींची मालिकाच लागते. दांडा बाहेर काढण्यापूर्वी रॉकरांचे शाफ्ट ओढून काढावे लागतात आणि वर्षानुवर्षांच्या काजळीने ते जागचे हलत नाहीत. जुन्या कॅमशी घासून झिजलेले रॉकर नव्या आकाराखाली घालणे म्हणजे दोहोंचा नाश. झडप अधिक खाली उतरणार, म्हणून पिस्टनच्या माथ्यावर मऊ माती थापून, इंजिन हाताने फिरवून, मातीवर उमटलेला ठसा मोजतात. मिश्रण आत घेणाऱ्या झडपेस सुमारे २ आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेस अडीच मिलिमीटर अंतर असावे, असा प्रघात आहे. मग स्प्रिंग पूर्ण दाबली असता तिचे वेटोळे एकमेकांस भिडत नाहीत ना, हे पाहणे आले. आणि टॅपेटची ०.१५ मिलिमीटरची फट मिस्त्री फिलर गेजने दोनदोनदा तपासतात, ते पाहताना मला त्यांच्याविषयी मनःपूर्वक आदर वाटला.

त्याहून कठीण प्रकरण धुराचे. दोन्ही झडपा एकाच वेळी उघड्या राहण्याचा काळ वाढला की मंद गतीत न जळलेले पेट्रोल सरळ सायलेन्सरमध्ये जाते. आणि पीयूसीची चाचणी घेतली जाते ती मंद गतीतच, म्हणजे या कॅमच्या सर्वांत दुबळ्या अवस्थेत. जुन्या गाड्यांस कार्बन मोनॉक्साइडची ३ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, पण अशा इंजिनास तीही अपुरी पडू शकते. शिवाय मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ असे की, उत्पादकाने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी नोंदणीपुस्तकातील दाखला विसंगत ठरेल असा फेरफार करण्यास मालकास मनाई आहे.

ही सारी कैफियत मिस्त्रींनी गाडीच्या तरुण मालकासमोर मांडली, आणि काल्हेर ते अंजूरफाटा या रस्त्यावर इंजिनाची वरची ओढ वापरण्याची संधी कितीशी मिळते, हेही विचारले. मालकाचा आग्रह २८० अंशांचा. मिस्त्री २५५ च्या पुढे जाण्यास राजी नव्हते. अखेर ठरले ते इतकेच की गाडीचा मूळ दांडा तासायचा नाही. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून दुसरा आणून तो ग्राइंडिंगला द्यायचा, आणि पीयूसीच्या यंत्रावर आकडा बसला नाही, तर त्याच दिवशी मूळचा पुन्हा चढवायचा.