माद्रिदच्या काउंटरवर

सकाळी साडेदहाला माद्रिदमधला गल्लीतला कुठलाही बार गच्च भरलेला असतो. बार म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर येतं तसं काही नाही. पिशव्या घेऊन बाजाराला निघालेल्या आजी इथे कॉफी पितात, शेजारी रंगकामाचे कपडे घातलेला मिस्त्री किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल घातलेला टोस्ट खातो. बहुतेक जण उभ्यानेच, काउंटरला टेकून. रांग नाही. मी एका टोकाला जागा धरली आणि कॉफी पुरवून पुरवून पीत वेटरचं, म्हणजे कामारेरोचं, काम बघत राहिलो.

हा माणूस कानांनी काम करतो. पाठ आपल्याकडे, हात यंत्रावर, आणि मागून ऑर्डरी येत असतात: ‘पोनमे उन कोर्तादो!’ थोडं दूध घातलेली कडक कॉफी टाक मला. सरळ आज्ञार्थ, आणि ‘पोर फाव्होर’ बऱ्याचदा नाहीच. इंग्रजी वळणात वाढलेल्या पाहुण्याला हे उर्मट वाटतं. मराठी माणसाला वाटायचं कारण नाही. ‘कृपया’ आपल्याकडेही रेल्वेच्या घोषणेतच राहतो. आर्जव दुसरीकडे असतं. कोणी बिअरच्या ‘कान्या’ला लाडाने ‘कान्यिता’ करतो, कोणी शेवटी ‘क्वांदो प्वेदास’ जोडतो, तुला जमेल तेव्हा. कोणी क्रियापद भूतकाळात नेऊन ‘केरीया’ म्हणतो, हवं होतं. आपण नाही का ‘जरा काम होतं’ म्हणत, तसंच.

कॉफीचे प्रकार ऐकत राहावेत. दूध कोमट, कॉफी कमी, कपात नको, काचेच्या ग्लासात. कामारेरो एकही लिहून घेत नाही. मालागा शहरात तर दुधाच्या प्रमाणावरून नावं पडली आहेत: ‘सोंब्रा’ म्हणजे सावली, ‘नूबे’ म्हणजे ढग, त्यात कॉफी नावापुरतीच. तिथल्या काफे सेंत्रालच्या भिंतीवर या सगळ्यांचा चित्रफलक होता, आणि त्यातला शेवटचा ग्लास रिकामा: नकोच देऊ. ते काफे 2022 मध्ये बंद झालं.

खाण्याची ऑर्डर मात्र आत ओरडावी लागते. ‘ऊना दे ब्रावास!’ झणझणीत सॉसमधल्या बटाट्यांची एक प्लेट. ‘प्लेट’ आणि ‘बटाटे’ दोन्ही शब्द गाळलेले. आतून उत्तर येतं, ‘ओइदो!’, ऐकलं. हा गलका निव्वळ हौसेचा नाही. आचाऱ्याला काम कळतं आणि गिऱ्हाइकालाही आपली ऑर्डर लागल्याचं कळतं, त्यामुळे दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही.

संबोधनांचा हिशोब जास्त नाजूक. मिस्त्री कामारेरोला ‘खेफे’ म्हणतो, साहेब. कामारेरोही त्याला खेफेच म्हणतो. दोघं एकमेकांना अरे-तुरे करतात. हुकूमशहा फ्रँकोच्या मृत्यूनंतर, 1975 पासून पुढे, स्पेनमध्ये अनोळखी माणसालाही ‘तू’ म्हणणं झपाट्याने रुळलं. तरी पिशवीवाल्या आजींशी बोलताना कामारेरोच्या तोंडी आपसूक ‘उस्तेद’ येतं, म्हणजे ‘तुम्ही’. आजी मात्र त्याला खुशाल ‘इखो’ म्हणतात, लेकरा. पोरींना सरसकट ‘ग्वापा’, म्हणजे सुंदरी, म्हणायची जुनी रीत अजून आहे, पण ती प्रत्येकीला खपतेच असं नाही, आणि मला वाटतं यात त्या पोरींचं चुकत नाही.

या बोलीचा अभ्यासही बोलण्याच्या अंगानेच करावा लागतो. वेर्नर बाइनहाउअर या जर्मन अभ्यासकाचं बोलीतल्या स्पॅनिशवरचं पुस्तक 1930 चं. व्हॅलेन्सियात आंतोनियो ब्रिथ यांच्या गटाने 1990 पासून प्रत्यक्ष गप्पा ध्वनिमुद्रित करून त्या शब्दशः कागदावर उतरवल्या. अशा संभाषणांत एकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरा बोलायला लागतो. ते तोडणं नसतं. आपण ऐकतो आहोत, याची ती पावती असते. काउंटरवर गप्प राहून ऐकणाऱ्यालाच लोक विचारतात, बरं नाही का?

पैसे देताना खरी जुंपते. दोन निवृत्त गृहस्थ एकाच वेळी नोट पुढे करतात. ‘देखा, देखा!’ राहू दे, राहू दे. ‘के नो, ओम्ब्रे!’ अजिबात नाही. दोघांचे आवाज चढतात, एक जण दुसऱ्याचं मनगट धरतो. कामारेरो शांतपणे डावीकडची नोट उचलतो. काल उजवीकडच्याने दिले होते, हे त्याच्या लक्षात आहे.

‘उद्या मी,’ उजवीकडचा बजावतो.

‘उद्या रविवार,’ सुटे मोजत कामारेरो म्हणतो, ‘बंद.’