दोन अवस्थांच्या तारा : टर्मिनल बोर्डाचा मागोवा

झडप उघडी की बंद, वंगणाचा दाब पुरेसा की अपुरा, मोटर सुरू की थांबलेली : कारखान्यातल्या नियंत्रण-यंत्रणेला बाहेरची बरीच खबर अशी दोनच अवस्थांत मिळते. प्रत्येक खबरीसाठी तारांची एक जोडी येते आणि ती टर्मिनल बोर्डावर स्क्रूखाली कसली जाते. यंत्रणेचा हुकूम दुसऱ्या बोर्डावरच्या रिलेमधून बाहेर पडतो.

१९६०च्या दशकात असा वेगळा बोर्ड फारसा नव्हता. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, तेव्हा संरक्षणाचे सारे तर्क रिलेंच्या कॉन्टॅक्टमध्येच गुंफलेले असत. इंटरलॉक बदलायचा तर तारा सोडून पुन्हा जोडाव्या लागत. या कटकटीला कंटाळून जनरल मोटर्सने १९६८ मध्ये रिलेंना पर्याय मागितला आणि त्यातून डिक मॉर्ले व सहकाऱ्यांचा मोडिकॉन ०८४ हा पीएलसी, म्हणजे प्रोग्राम करता येणारा नियंत्रक, आला. पुण्याच्या मेसुंग कंपनीने १९८०च्या दशकात पीएलसी हाती घेतले. तर्क मेमरीत गेला, तारा मात्र होत्या तिथेच राहिल्या. नाजूक इलेक्ट्रॉनिक्स आणि १२५ किंवा २२० व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी यंत्रे यांच्यामध्ये आता एक पक्की सीमा लागली. ऑप्टोकपलर आणि रिले बसवलेला बोर्ड ती सीमा झाला.

हे काम सर्वांत कसून झाले ते गॅस टर्बाइनमध्ये. दाभोळला १९९९ मध्ये जनरल इलेक्ट्रिकची टर्बाइने चालू झाली. १९९०च्या दशकाअखेरीस आलेल्या त्याच कंपनीच्या मार्क ६ यंत्रणेचा इनपुट बोर्ड जवळून पाहण्यासारखा आहे. त्यावर २४ कॉन्टॅक्ट येतात. बोर्डच १२५ व्होल्ट डीसी बाहेर पाठवतो आणि कॉन्टॅक्ट मिटला की ते परत येतात. हा विद्युतदाब मुद्दाम चढा ठेवलेला असतो, कारण धूळ आणि ऑक्साइड बसलेल्या कॉन्टॅक्टमधून २४ व्होल्ट पार होतीलच असे नाही. प्रत्येक बदलावर एक मिलिसेकंदापर्यंतची वेळ नोंदली जाते. टर्बाइन ट्रिप झाले, म्हणजे संरक्षणासाठी आपोआप बंद पडले, की सेकंदाच्या आत अलार्मची रांग लागते. त्यातला पहिला कोणता, हे या नोंदीवाचून सांगताच येत नाही.

बोर्डावरून सिग्नल तीन नियंत्रकांकडे जातो आणि तिघांपैकी दोघांचे मत धरले जाते. आउटपुटला याच्या उलट : तीन हुकूम रिले बोर्डावर येतात, तिथेच मतदान होते आणि मग बारांपैकी एक रिले ओढला जातो. नियंत्रक तीन असले तरी स्विच एकच असेल तर तो अडकल्यावर तिघेही एकच चूक करतात. म्हणून वंगणाच्या दाबासारख्या सिग्नलला एकाहून अधिक स्विच लावून ते वेगवेगळ्या बोर्डांवर घेतात. कागदावर ही चैन वाटते, पण बेअरिंग वाचवणारी व्यवस्था हीच.

पुढच्या मार्क ६ई पिढीत इलेक्ट्रॉनिक्स थेट बोर्डावर बसले आणि जाड केबलींच्या जागी इथरनेट आले. आताच्या काही प्रणालींत एखादा चॅनेल इनपुट की आउटपुट, हे सॉफ्टवेअरमधून ठरते. बाहेरच्या तारा योग्य चॅनेलकडे वळवणाऱ्या मार्शलिंग कॅबिनेटमधल्या आडव्यातिडव्या तारांचे काम त्यामुळे बरेच कमी झाले. आपत्कालीन थांब्याचे बटण मात्र बहुतेक केंद्रांत आजही सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडत नाहीत. त्याची तार सरळ ट्रिप रिलेंच्या वाटेवर जाते आणि तो मार्ग सदैव ऊर्जित ठेवलेला असतो, म्हणजे तार तुटली तरी यंत्र थांबतेच.