परगावच्या न्यायालयाचे समन्स आले तर

दिवाणी न्यायालयाचे समन्स हाती पडले की सर्वसामान्य माणूस गोंधळून जातो. त्यातून ते परराज्यातील न्यायालयाचे असेल तर हा गोंधळ अधिकच वाढतो. काही जण घाबरून, नसलेले देणेही मान्य करून मोकळे होतात. काही जण मात्र ‘तिकडच्या कोर्टाचा आपल्यावर काय अधिकार?’ असे म्हणून तो कागद फडताळात ठेवून देतात. या दोन्ही मार्गांनी नुकसानच होते. गोव्याच्या सीमेस एका बाजूने सिंधुदुर्ग, तर दुसऱ्या बाजूने बेळगाव व उत्तर कन्नड हे जिल्हे लागून आहेत. येथील शेतकरी, बागायतदार व व्यापारी यांचे व्यवहार या सीमा ओलांडूनच होत असतात. यास्तव कोणत्या न्यायालयास आपणास प्रतिवादी म्हणून बोलावता येते, हे प्रत्येकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

मूळ तत्त्व

दिवाणी न्यायालयांचे कामकाज १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार चालते. वादीने प्रतिवादीच्या गावी जाऊन न्याय मागावा, हे या संहितेतील एक मूलभूत तत्त्व होय. दावा करणारा आपल्या सोयीने न्यायालयात येतो, प्रतिवादी मात्र इच्छा नसताना तेथे ओढला जातो. त्याला विनाकारण दूरच्या ठिकाणी हेलपाटे घालावे लागू नयेत, हा त्यामागील हेतू आहे. म्हणूनच कलम २० अन्वये प्रतिवादी जेथे प्रत्यक्ष राहतो, धंदा करतो किंवा स्वतः पोटापाण्यासाठी काम करतो, तेथील न्यायालयात दावा दाखल करता येतो.

परंतु हे एकच ठिकाण नव्हे. दाव्याचे कारण, म्हणजेच वादकारण, जेथे पूर्णतः अथवा अंशतः घडले, तेथेही दावा लावता येतो. उदाहरणार्थ, सत्तरी तालुक्यातील एखाद्या बागायतदाराने वाळपई येथे सौदा करून तेथेच बेळगावच्या व्यापाऱ्याच्या ताब्यात काजूबिया दिल्या आणि व्यापाऱ्याने पैसे थकविले, असे समजू. बागायतदारास बेळगावलाच जावे लागेल असे नाही. वादकारण गोव्यात घडल्यामुळे त्याला गोव्यातील न्यायालयातही दावा करता येईल. याच्या उलट, व्यापाऱ्याने बेळगाव येथे आगाऊ रक्कम दिली, माल बेळगावलाच पोचवावयाचा ठरला आणि बागायतदाराने तो पोचविला नाही, तर बेळगावच्या न्यायालयाचे समन्स सत्तरीतील घरी येऊ शकते आणि ते कायद्यास धरूनच असेल. आपण राज्याच्या सीमेअलीकडे राहतो, एवढे कारण तेथे पुरणार नाही.

जमीन, इजा व कंपन्या

जमीन, घर, बागायत अशा स्थावर मालमत्तेविषयीचा दावा सामान्यतः ती मालमत्ता जेथे असेल तेथेच चालतो. पेडण्यातील शेताच्या मालकीचा वाद मुंबईच्या न्यायालयात नेता येत नाही, मग भाऊबंद मुंबईत का राहत असेनात. एखाद्याच्या शरीरास इजा झाली अथवा जंगम मालाचे नुकसान झाले, तर ते जेथे घडले तेथे किंवा प्रतिवादी जेथे राहतो तेथे, यांपैकी कोठेही भरपाईचा दावा लावता येतो. कंपनीचे मुख्य कार्यालय मुंबईत असले, तरी मडगावच्या शाखेशी झालेल्या व्यवहारातून वाद उद्भवल्यास मडगावच्या न्यायालयात दाद मागता येते. ग्राहकांना तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपल्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेच तक्रार करण्याची मुभा दिली आहे.

छापील करारपत्रांत ‘वाद अमुक शहराच्या न्यायालयातच चालेल’ असे बारीक अक्षरांतील कलम पुष्कळदा असते. ज्या न्यायालयास मुळात अधिकारिताच नाही, त्याला ती अशा कलमाने प्राप्त होत नाही. मात्र कायद्याने दोन ठिकाणी दावा चालू शकत असेल, तर पक्षकारांना त्यांतील एक ठिकाण आपसांत ठरविता येते. सर्वोच्च न्यायालयाने १९७१ व १९८९ च्या निवाड्यांत हे स्पष्ट केले आहे. तेव्हा सही करण्यापूर्वी हे कलम अवश्य वाचावे.

सीमेपलीकडचे हुकूमनामे

‘तिकडच्या कोर्टाचा अधिकार नाही’ ही समजूत मात्र अगदीच निराधार नव्हती. देशात अनेक संस्थाने असताना एका संस्थानचे न्यायालय दुसऱ्या मुलखाच्या दृष्टीने परकीय असे. फरीदकोट संस्थानातील नोकरी सोडून अन्यत्र राहावयास गेलेल्या एका खजिनदाराविरुद्ध तेथील न्यायालयाने एकतर्फी हुकूमनामे दिले होते. ज्याने परकीय न्यायालयाची अधिकारिता मान्य केलेली नाही, अशा गैरहजर माणसाविरुद्धचा पैशाचा हुकूमनामा बाहेर निरर्थक ठरतो, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १८९४ मध्ये दिला. हेच तत्त्व ग्वाल्हेरच्या सरदार शितोळे यांच्या प्रकरणात पुढे आले. त्यांनी १९४७ मध्ये ग्वाल्हेरच्या न्यायालयात उत्तर प्रदेशातील प्रतिवादींवर दावा लावला. प्रतिवादी हजर झाले नाहीत व १९४८ मध्ये एकतर्फी हुकूमनामा झाला. पुढे त्याची बजावणी अलाहाबादला मागण्यात आली, परंतु १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली.

गोव्यातील प्रकरणाचा निकाल मात्र वेगळा लागला. गोवामुक्तीपूर्वी मुंबईच्या न्यायालयाने गोव्यातील एका रहिवाशाविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा दिला होता. मुंबईच्या न्यायालयास भारतीय संहितेनुसार अधिकारिता होतीच. अडचण होती ती गोव्यातील बजावणीची. १९६६ मध्ये ही संहिता गोव्यास लागू झाल्यावर ती अडचण दूर झाली, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये ठरविले. समन्स दुर्लक्षून घरी बसलेल्यास ‘त्या वेळी गोवा वेगळा होता’ या सबबीचा उपयोग झाला नाही.

आज नागालँड व काही आदिवासी क्षेत्रे वगळता सबंध देशात ही एकच संहिता लागू आहे. परराज्यातील हुकूमनामा आपल्या तालुक्याच्या न्यायालयाकडे बजावणीस येऊ शकतो व त्यापायी घरादारावर जप्तीही येऊ शकते. नोकरीनिमित्त आखातात असलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. संयुक्त अरब अमिरातीतील वरिष्ठ न्यायालयांचे पैशाचे हुकूमनामे जानेवारी २०२० पासून भारतातील जिल्हा न्यायालयात थेट बजावणीस दाखल करता येतात. अर्थात, तेथील न्यायालयास अधिकारिता नव्हती, ही हरकत तेव्हाही घेता येते.

हरकत केव्हा घ्यावी?

न्यायालय चुकीचे आहे असे वाटत असेल, तर गैरहजर राहणे हा त्यावरील उपाय नव्हे. वकिलामार्फत हजर होऊन तशी लेखी हरकत नोंदविणे, हाच उपाय होय. ही हरकत पहिल्याच संधीस, आणि न्यायालयाने वादातील मुद्दे निश्चित करण्यापूर्वी, घ्यावी लागते. तसे केले नाही तर कलम २१ प्रमाणे अपिलात ती ऐकून घेतली जात नाही. वेळीच घेतली असली, तरी चुकीच्या ठिकाणी दावा चालल्यामुळे प्रत्यक्ष अन्याय झाला, हेही तेथे दाखवावे लागते. हरकत मान्य झाल्यास दावा योग्य न्यायालयात दाखल करण्यासाठी वादीस परत दिला जातो.

समन्स बजावल्यापासून साधारणतः ३० दिवसांत लेखी कैफियत द्यावयाची असते. न्यायालय कारण नोंदवून ही मुदत वाढवू शकते. एकतर्फी हुकूमनामा झालाच, तर तो रद्द करून घेण्यासाठी ३० दिवसांच्या आत अर्ज करावा लागतो. ही मुदत हुकूमनाम्याच्या तारखेपासून आणि समन्स रीतसर बजावलेच नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून मोजली जाते. समन्स मिळाले नव्हते अथवा गैरहजेरीस सबळ कारण होते, हे त्या वेळी सिद्ध करावे लागते.

वकिलाचा खर्च न झेपणाऱ्यांसाठी १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत साहाय्याची सोय केली आहे. स्त्रिया तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता हे साहाय्य मिळू शकते. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. गावातील शिक्षक व पंचायत कर्मचारी यांच्याकडे लोक असे कागद वाचून घेण्यास येतात. त्यांनी समन्सवरील न्यायालयाचे नाव, दाव्याचा क्रमांक व हजेरीची तारीख एवढे जरी नीट समजावून सांगितले आणि त्या तारखेपूर्वी वकील गाठण्यास सुचविले, तरी एखाद्या कुटुंबाचे घर वा जमीन वाचू शकेल.